मुलाच्या जबड्यातली गाठ : या चुका टाळा

मुलाचा गाल सुजला की आमच्या सोलापुरात पहिलं निदान घरातच होतं : गालगुंड. लेप लागतो, शेक होतो, आणि 'सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की दाखवू' म्हणत महिना जातो. गालगुंड आठ-दहा दिवसांत उतरतं. सूज तीन आठवडे तशीच असेल, दुखत नसेल आणि हाताला हाडासारखी टणक लागत असेल, तर थांबू नका.

पुढची चूक आम्हा दंतवैद्यांकडून होते. सूज दिसली की किडलेली दाढ शोधायची आणि अँटिबायोटिक द्यायचं. किडलेला दात सापडत नसेल किंवा कायमचा दात वेळेवर आलाच नसेल, तर पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायलाच हवा.

अकरा वर्षांचा एक मुलगा आठवतो. एक गाठ आधीच दुसऱ्या डॉक्टरांकडे काढून झालेली, पण तपासणीला पाठवलेली नव्हती. ओपीजीत आणखी तीन काळे गोल दिसले. मी त्याचे हात दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायला सांगितले. बाहेर काढल्यावर तळव्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे स्पष्ट उठले. शेजारी बसलेल्या वडिलांनी आपला तळवा उघडला. तिथंही तेच. यंत्रमागावर काम करून पडले असतील, असं ते इतकी वर्षं समजत होते. विसाव्या वर्षी त्यांच्याही जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

हा गॉर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोम, म्हणजे जबड्यात गाठी आणि तळव्यांवर असे खड्डे आणणारा आनुवंशिक आजार. १९६० साली या दोन डॉक्टरांनी तो मांडला. यातल्या गाठी पुन्हा होतात आणि नव्याही येतात, म्हणून 'गाठ काढली, विषय संपला' ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काढलेली प्रत्येक गाठ बायोप्सीला गेली का, हे विचारा. जुने एक्स-रे आणि रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा. आणि हे निदान प्रत्येक डॉक्टरला सांगा, कारण या मुलांना रेडिएशनचे उपचार शक्यतो टाळतात; दिलेल्या जागी त्वचेचे कॅन्सर उठू शकतात.

चेरुबिझम या जबड्याच्या हाडाच्या आनुवंशिक आजारात चूक नेमकी उलटी होते. दोन ते पाच वर्षांच्या वयात दोन्ही गाल सारखेच फुगू लागतात आणि घाबरून ऑपरेशनची घाई होते. ही सूज बहुधा वयात येईपर्यंत वाढते आणि मग हळूहळू ओसरते. लक्ष ठेवणं हाच अनेकदा उपचार असतो. मात्र तशाच दिसणाऱ्या गाठी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या विकारातही होतात, म्हणून रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.

जबड्यावर हाडाचे उंचवटे आणि जोडीला जादा दात दिसले, तर घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची लक्षणं असू शकतात. त्यात खरा धोका तोंडात नसतो, मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच्या गाठींमध्ये, म्हणजे पॉलिप्समध्ये असतो.

आईला दोष देणं तर बंदच करा. ग्रहण पाळलं नाही, आतेभावाशी लग्न केलं, हे सगळं तिनं आधीच ऐकलेलं असतं. वरचे तिन्ही आजार आई किंवा वडील, कुणाही एकाकडून आलेल्या एकाच सदोष जनुकानं होतात. कधी घरात कुणालाच नसताना नव्यानंही. ग्रहणाचा इथं काही संबंध नाही, नात्यातल्या लग्नाचाही नाही. पालकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला ते सदोष जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के.

म्हणून त्या वडिलांना मी पुढच्या खेपेला धाकटीलाही आणायला सांगितलं. तिला आठवं लागलंय. अशा घरातल्या मुलांचा पहिला ओपीजी काढायचं वय तेच.