सपाटीवरून बर्फाकडे: सोलापुरातून बेसिक माउंटेनियरिंग कोर्सला जाताना

सोलापुरात डोंगर नाही. पण चालणं आहे. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे आणि कोजागिरीला निम्मं शहर रात्रभर चालत तुळजापूरला जातं. मी नववीत असताना आईबरोबर पहिल्यांदा गेले, पंचेचाळीस किलोमीटर. वडील यंत्रमागावर, पाळीत बारा बारा तास उभे. तेव्हा थकल्या पायांनी न थांबता चालायचं कसं, हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. गिर्यारोहणात याचा उपयोग होतो का, असं मला इथली मुलं-मुली विचारतात. होतो. पण अर्धाच. उरलेला अर्धा भाग मला महागात पडला, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कळसूबाईपासून करा. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. सोलापूरहून रात्री निघायचं आणि पुणे, संगमनेर, अकोले, राजूर करत पायथ्याचं बारी गाव गाठायचं. कड्यांना लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. पहिल्या खेपेला मी सगळ्यांच्या पुढे वर पोचले आणि फार खूश झाले. उतरताना तिसऱ्या शिडीवर मांड्या थरथरायला लागल्या. पुढचे चार दिवस घरातला उंबरा ओलांडतानाही भिंत धरावी लागत होती.

सपाटीवर कितीही चाललात तरी उतरण्याची सवय लागत नाही. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं थांबलं की परत येतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो. त्याची तयारी उताराशिवाय दुसरीकडे होत नाही. मग मी मावशीच्या चार मजली इमारतीचे जिने धरले. पहाटे पाचला, कारण एप्रिल-मेमध्ये आठनंतर सोलापुरात कसरत करणं म्हणजे उन्हानं आजारी पडणं. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या. पहिले दोन आठवडे पाच किलो. वर गेलं की पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घालायचं आणि रिकामं उतरायचं, म्हणजे गुडघे वाचतात. तिसऱ्या आठवड्यापासून वजन घेऊनच उतरायचं, हळूहळू पंधरा किलोपर्यंत. तीन महिने तरी द्या. बेसिक कोर्समध्ये, म्हणजे गिर्यारोहणाच्या पहिल्या प्रशिक्षणात, साधारण तेवढीच सॅक पाठीवर असते आणि सकाळी धावणं वेगळं.

आता कोर्सबद्दल. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ सालची, तेनसिंग नोर्गे तिथे प्रशिक्षणाचे प्रमुख होते. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ची. मनाली आणि पहलगामलाही संस्था आहेत. बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो, जागा कित्येक महिने आधी भरतात आणि मुलींच्या वेगळ्या बॅचही निघतात. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या संस्थेकडूनच घ्या. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म डॉक्टरांकडून नीट, खरा भरून घ्या. दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तो सांगायचा. तुमचा जीव त्या कागदापेक्षा मोठा आहे.

मी उत्तरकाशीला गेले. सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून ऋषिकेश आणि मग बसनं दिवसभराचा घाट. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. प्रवासाला आणि सह्याद्रीतल्या ट्रेकला यापेक्षा चांगला शिधा मला अजून सापडलेला नाही. भाकरी आठवडाभर टिकते, चटणीत तेल आणि ताकद दोन्ही. आईनं आपली सोलापुरी चादरही दिली होती. ती मात्र गाडीतच वापरली. सुती कापड ओलं झालं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. बर्फात अंगालगत सूत नको. आत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात बाहेर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. चादरीच्या गावातल्या मुलीला हे आईला फोनवर सांगताना जड गेलं.

पहिला आठवडा खडकावर जातो. फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच, प्रुसिक, या गाठी आधीच घरी शिका. दोन मीटर दोरी पुरते. डोळे मिटून, हातमोजे घालून बांधता आल्या पाहिजेत, कारण थंडीत बोटं ऐकत नाहीत. बिले (चढणाऱ्या जोडीदाराला दोरीनं सांभाळणं), रॅपलिंग (दोरीवरून उतरणं), जुमारिंग (दोरीवर पकड सरकवत चढणं) तिथे उत्तम शिकवतात. मग हिमनदीकडे चाल, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे टोकदार दात), आइस अ‍ॅक्स, घसरल्यावर स्वतःला रोखणं.

माझी चूक इथे झाली. मी रोज पुढे, रोज वेगात, पाणी कमी. बेस कॅम्पवर दुसऱ्या संध्याकाळी डोकं ठणकू लागलं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर खाली पाठवतील. रात्री उलट्या झाल्या आणि खालीच पाठवलं, तेही बरं झालं म्हणून आज लिहिते आहे. बर्फावरच्या सरावाचे दिवस बुडाले आणि हाती 'बी' ग्रेड आली. अ‍ॅडव्हान्स कोर्सला बेसिकची 'ए' ग्रेड लागते, म्हणजे तो रस्ता बंद. निघताना आमचे प्रशिक्षक सर म्हणाले, "डोकेदुखी लपवणारा माणूस दोरीवर नको. त्याच दोरीला आणखी तिघं बांधलेले असतात."

५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही. वाढलं तर उतरायचं. तब्येत दणकट असली म्हणून उंचीचा हा त्रास टळत नाही. उलट दणकट माणूस जोरात चढतो आणि आधी त्यात सापडतो.

पुढच्या वर्षी पुन्हा बेसिक केलं, यावेळी वारीच्या चालीनं. दिंडीत कुणी पळत नाही, तरी सगळे पंढरीला पोचतात. 'ए' मिळाली.

देशातलं सर्वोच्च शिखर सर करायचंय असं म्हणणाऱ्यांना एक माहीत हवं. कांचनजंगा ८५८६ मीटर, नेपाळच्या सीमेवर. १९५५ साली ब्रिटिश गिर्यारोहक तिथे पहिल्यांदा पोचले आणि सिक्कीमला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावलं अलीकडे थांबले. १९७७ साली कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सैन्यानं ते सिक्कीमच्या बाजूनं चढलं. आता त्या बाजूनं चढाईला बंदी आहे, कारण तिथल्या लोकांसाठी ते दैवत आहे. पूर्णपणे भारतात असलेलं सगळ्यात उंच शिखर नंदादेवी, ७८१६ मीटर. तेही १९८० च्या दशकापासून बंद. मला यात खंत वाटत नाही. कळसूबाईच्या देवळाबाहेर आपण चपला काढतोच ना.

या क्षेत्रात काम करायचं असेल तर बेसिक, अ‍ॅडव्हान्स, मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (इतरांना शिकवायचं कसं, याचा कोर्स) आणि सर्च अँड रेस्क्यू (शोध आणि बचाव), शिवाय प्रथमोपचाराचं चांगलं प्रशिक्षण. काम हंगामी आहे. हिमालयात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, सह्याद्रीत पावसाळा आणि थंडी. मधले महिने कोरडे जातात, म्हणून पदवी अर्धवट सोडू नका. मी मधल्या काळात शिकवण्या घेते.

येत्या कोजागिरीला तुळजापूरला जाणार असाल तर पाठीवर आठ किलो घ्या. परत येताना एसटी घाटाच्या पायथ्याशी पकडा, घाट पायी उतरा. दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते वहीत लिहून ठेवा आणि मग फॉर्म भरायला बसा.