चिकूला वाचून दाखवणारी मुलं

"हें सुणें चाबता?" (हे कुत्रं चावतं का?) गोव्यात डिचोली तालुक्यातल्या ज्या मराठी प्राथमिक शाळेत मी दर बुधवारी जाते, तिथे पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक मुलानं मला हेच विचारलं. चिकू आमची गावठी कुत्री, सहा वर्षांची, तपकिरी. ती चटईवर पसरते, मूल शेजारी बसतं आणि पुस्तक उघडून तिला गोष्ट वाचून दाखवतं. आपल्याकडच्या कुत्र्याला घेऊन असं काम सुरू करता येईल का, असं बरेच जण विचारतात, म्हणून जे शिकले ते लिहिते.

न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आलं होतं की, मोठ्यांशी न बोलणारं मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्यापाशी मोकळं होतं. त्यावरचा त्यांचा लेख 1962 साली छापून आला. कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवण्याचा रीतसर उपक्रम मात्र 1999 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत इंटरमाउंटन थेरपी अ‍ॅनिमल्स या संस्थेनं सुरू केला. पालक हमखास विचारतात, "यानं वाचन खरंच सुधारतं का?" तेव्हा वाढवून सांगू नका. 2016 साली संशोधकांनी यावरचे 48 अभ्यास एकत्र तपासले. परिणाम आशादायक दिसतात, पण बरेचसे अभ्यास कच्चे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी पालकांना एवढंच सांगते की, मुलाची भीती कमी होते आणि ते जास्त वेळ वाचत बसतं. शिकवायचं काम शिक्षकांचंच.

आपल्या मुलांची अडचण थोडी वेगळी आहे. घरी कोंकणी, शाळेत मराठी. बोलायला त्रास नाही, पण छापील मराठी समोर आली की जोडाक्षरं आणि रफार यांपाशी गाडी अडते. तिसरीतला एक मुलगा ससा-कासवाची गोष्ट वाचत होता. "सशाला गव... गरव..." एवढं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. वर्गात याच ठिकाणी मुलं हसत असणार. सुरुवातीच्या महिन्यांत मी लगेच "गर्व" म्हणून मोकळी व्हायचे आणि मूल गप्प व्हायचं. त्या दिवशी तोंड मिटून बसले. चिकूनं कूस बदलली आणि हनुवटी त्याच्या पावलावर ठेवली. त्यानं बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि हळूच म्हणाला, "गर्व." मी म्हटलं, "चिकूला हा शब्द ठाऊक नाही वाटतं. तिला सांगशील?" तो तिच्या कानाशी वाकला. "आपणाक व्हड समजता, तें." म्हणजे, स्वतःला मोठं समजतो ते.

या कामातली खरी युक्ती ही. चूक मुलाची नसते, न समजणारा कुत्रा असतो, आणि समजावून सांगणारं मूल. एका मुलाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पुस्तक त्याच्या इयत्तेपेक्षा थोडं सोपं घ्या आणि निवडू द्या त्यालाच.

कुत्रा कसा हवा? जातिवंतच हवा असं मुळीच नाही. वय वर्षाच्या पुढे हवं, अनोळखी हात, भांड्यांचा आवाज, धावणारी पोरं यांनी बिथरणारा नको. खेळकर कुत्रा घरात छान, पण इथे स्वस्थ पडून राहणारा लागतो. पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या. रेबीजची आणि इतर लसी, जंताचं औषध, नखं कापलेली, हे सगळं नोंदवहीसकट हवं. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड फार, त्यामुळे शाळेत जाण्याच्या आदल्या रात्री कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत टॉर्च लावून बघते.

मुख्याध्यापिका बाईंची परवानगी आणि प्रत्येक पालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय कुत्रा फाटकाच्या आत नेऊ नका. दम्याचं, अ‍ॅलर्जीचं मूल कोणतं ते आधी विचारा. काही घरांत कुत्रा शिवलेला चालत नाही. त्या मुलाला जबरदस्ती नाही, वेगळं वाटेल असं वागवणंही नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक. एका बुधवारी दोनऐवजी चार मुलं घेतली, कारण बाहेर रांग होती आणि मला नाही म्हणवलं नाही. तिसऱ्या मुलाच्या वेळी चिकू जांभया देत होती, सारखी जीभ ओठांवरून फिरवत होती, तोंड भिंतीकडे वळवत होती. मला वाटलं, झोप आली असेल. चौथ्या मुलीनं प्रेमानं गळ्याला मिठी मारली आणि चिकू गुरगुरली. चावली नाही, पण ती मुलगी पांढरी पडली. जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं ही कुत्र्याची "पुरे" म्हणण्याची रीत आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तरी मी ते पाहिलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही गेलो नाही. आता दिवसाला दोनच मुलं, आणि वाचन चालू असताना माझी नजर पुस्तकावर नाही, चिकूवर असते. मिठी मारायची नाही, हेही आधीच सांगते. पाठीवर हात चालतो.

दुसरी जबाबदारी रस्त्यावरच्या कुत्र्यांची. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, पण म्हणून निर्धास्त होऊ नका. चिकूची सवय झालेलं मूल उद्या बाजारातल्या कुठल्याही कुत्र्याच्या गळ्यात पडू शकतं. दर महिन्याला मुलांकडून घोकून घेते: मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, जेवणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीपाशी जायचं नाही, चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लपवून न ठेवता घरी सांगायचं, लगेच दवाखान्यात जायचं.

मला याचं मानधन मिळत नाही, तेव्हा पोटापाण्याचं काम सांभाळून आठवड्याचा एक दिवस धरा. एप्रिलमध्ये उन्हं तापतात, म्हणून वेळ सकाळी प्रार्थनेनंतरचीच मागा. सोबत पाण्याचं भांडं, जुनी चटई आणि हात धुवायला साबण ठेवा. पहिले दोन बुधवार पुस्तक काढूच नका, मुलांना कुत्र्याची आणि कुत्र्याला वर्गाच्या आवाजाची सवय होऊ द्या.