गणपतीला गावी न्यायची जुनी गाडी: थरथर आणि ऑइल गळती, निघायच्या आधी काय काय बघायचं

हे काम दोन रविवार हातात असताना काढा, आदल्या आठवड्यात नको, तेव्हा गॅरेजवाल्याकडे आपल्यासारखे वीस जण रांगेत असतात आणि तो कोणाचंच धड बघत नाही.

शनिवारी रात्री गाडी सपाट जागी लावून इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवा, पुढची चाकं कुठे येतात ते पेनाने त्यावर मार्क करा म्हणजे सकाळी थेंब कुठल्या बाजूचा ते कळतं. काळपट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल, लालसर पातळ असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं, नुसतं पाणी असेल तर एसीचं, ते सोडून द्या. सोबत टॉर्च, जुनी फडकी, डिग्रीसर (तेलाचा चिकटा काढणारं द्रव), गोटी पान्यांचा सेट आणि जॅकबरोबर स्टँडसुद्धा हवेत, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही.

मग इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि वायरिंगवर पिशव्या बांधून सगळा चिकटा धुऊन काढा. हे टाळलंत तर पुढचं सगळं अंदाजपंचे, कारण ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे उडतं, म्हणजे चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) ओलं दिसलं तरी गळती वरच्या टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाची असू शकते. धुतल्यावर पंधरा-वीस किलोमीटर फिरवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या, सगळ्यात वरची ओली जागा तीच खरी. जुन्या गाडीत नव्वद टक्के वेळा टॅपेट कव्हरचं पॅकिंगच निघतं (नव्वद हा माझा अंदाज हं), रबर कडक होऊन प्लास्टिकसारखं झालेलं असतं. पॅकिंग बदलताना बोल्ट जीव खाऊन आवळू नका, मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे, साधारण १० न्यूटन मीटर म्हणजे मनगटाच्या जोराने. आणि वरून सिलिकॉन थापून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा, आत निघालेला तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो.

सील बदलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्ह, बघाच. तो चोक झाला की इंजिनच्या पोटात प्रेशर वाढतं आणि नवीन सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं, बऱ्याच गाड्यांत तो काढून हलवला की खडखड वाजायला हवा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येत असेल तर मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल अडवणारं सील) असू शकतं, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तेव्हाच क्लच प्लेटही बघून घ्या, मजुरी एकदाच लागते.

आता थरथर. माझ्या गाडीचं इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, एका वर्षात दोनदा बदललं, मेकॅनिक म्हणायचा माल डुप्लिकेट येतोय. माल ठीक होता, टॅपेटचं ऑइल टपटप त्या रबरावर पडत होतं आणि रबर फुगून लोण्यासारखं होत होतं. शिवाय तेच ऑइल स्पार्क प्लगच्या खड्ड्यात उतरून गाडी मिसिंग करत होती, म्हणजे मधेच अडखळत होती. म्हणून गळती आधी, फाउंडेशन नंतर. तपासायचं असेल तर बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढून कोणालातरी आत बसवा, ब्रेकवर पाय ठेवून पहिला आणि मग रिव्हर्स टाकून क्लच जरासा सोडायला सांगा, इंजिन उडी मारत असेल तर फाउंडेशन गेलं. तुम्ही मात्र बाजूला उभे राहा, पुढे नाही. मारुती ८०० असेल तर तिचं ७९६ सीसीचं इंजिन तीनच सिलिंडरचं, आयडलला थोडी थरथर असणारच, तिच्यामागे पैसे घालवू नका.

थरथर फक्त ८०-१०० च्या स्पीडला येत असेल तर मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा, तरीही राहिली तर चाकं किंवा टायर, गेली तर इंजिन किंवा एक्सल. स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, सीट हलली तर बहुतेक मागची. बॅलन्सिंगला जाताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा, असा टायर बॅलन्स करून काय उपयोग, बदलाच. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थडथडत असेल तर डिस्क बघा, आणि हे ताम्हिणी घाट उतरायच्या आधी, उतरताना नाही.

सगळं झालं की निघायच्या आदल्या रात्री नवा पुठ्ठा टाका, सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. एखाद-दोन थेंब असतील तर डिकीत एक लिटर ऑइल टाकून निघा, तळहाताएवढा डाग असेल तर सरळ एसटीचं बघा.