पुस्तकभिशी: जुन्या मित्रांनी पुस्तके कशी फिरवावीत आणि राहून गेलेल्या गोष्टींविषयी कसे बोलावे

दहावीच्या किंवा कॉलेजच्या बॅचचे स्नेहसंमेलन आता जवळपास प्रत्येक गावात भरते. जेवण होते, फोटो निघतात, कोणाची मुले कुठे आहेत आणि कोणाची साखर किती आहे हे सांगून होते, आणि पुढच्या वर्षी नक्की भेटायचे असे ठरवून मंडळी पांगतात. विसाव्या वर्षी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून आपण पुढे काय करणार हे ज्यांनी एकमेकांना रात्र रात्र सांगितले, तीच माणसे पंचावन्नाव्या वर्षी त्या विषयाला हात घालायला संकोचतात, कारण सरळ विचारले तर तो प्रश्न हिशेब मागितल्यासारखा वाटतो. मध्ये पुस्तक असले की हा संकोच पुष्कळ सैल होतो. पुस्तकातल्या माणसाने नोकरी का सोडली, त्याच्या घरच्यांचे काय झाले, पैसे कुठून आले यावर बोलता बोलता माणूस आपसूक स्वतःवर येतो. आमच्या सहा जणांच्या मंडळात मी हे पाहिले आहे, आणि म्हणूनच ही पद्धत तपशिलाने लिहीत आहे.

मंडळ लहान असावे. पाच किंवा सहा जण पुरेत. आठाच्या पुढे गेले की कोणीतरी नुसते ऐकणारे होते आणि पुस्तके कोठेतरी अडकतात. सगळे मोठे वाचक असण्याची गरज नाही. सगळे एकमेकांना तरुणपणापासून ओळखणारे असावेत, एवढी अट मात्र मी आग्रहाने सांगेन, कारण या भिशीचे खरे भांडवल तीच ओळख आहे. तुमच्या हाताखालच्या सहकाऱ्याला तुम्ही साहेब म्हणून माहीत असता. तुम्ही नाटकात काम करण्यासाठी परीक्षा बुडवली होती, हे फक्त जुन्या मित्राला ठाऊक असते.

भिशीत पैसे जसे क्रमाने एकेकाकडे जातात तशी पुस्तके फिरवायची. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा. दसऱ्याला प्रत्येकाने आपल्याजवळचे एक पुस्तक क्रमातील पुढच्या मित्राकडे धाडावे. पुस्तक प्रत्येकाकडे दोन महिने राहील आणि ठरलेल्या तारखेला, वाचून झाले असो वा नसो, पुढे जाईल. सहा जण असतील तर प्रत्येक पुस्तक पाच जणांकडून फिरून दहा महिन्यांनी, म्हणजे साधारण श्रावणात, मूळ मालकाच्या घरी परत येते. वाचायला नेलेले पुस्तक परत येत नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार या रचनेत बरीचशी मिटते, कारण पुस्तक कोणाकडे आहे हे सर्वांना कॅलेंडर पाहून सांगता येते. तारीख पाळण्याचा नियम कडक ठेवावा. एकाने पुस्तक अडवले की मागची सगळी रांग थांबते आणि दोन वेळा तसे झाले की उत्साह मावळतो.

प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक साधा लिफाफा ठेवावा. वाचणाऱ्याने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहून त्यात टाकाव्यात: कोणत्या पानावर आपण थांबलो, आणि का. समीक्षा नको, सारांश तर नकोच. पुढच्याने आधीच्या चिठ्ठ्या पुस्तक संपवल्यावर उघडाव्यात. लिफाफा चिकटवताना सेलोटेप वापरू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदावर तेलकट डाग सोडते. मैद्याची पातळ खळ उत्तम, फक्त ती पूर्ण वाळल्याशिवाय पुस्तक मिटू नये, नाहीतर कसर लागण्याची सोय आपणच करून ठेवतो.

आता पाठवण्याविषयी. पुण्याहून कोल्हापूरला किंवा नाशिकहून मुंबईला कोणी ना कोणी जाणारे असते, आणि हातोहात गेलेले पुस्तक सर्वांत सुरक्षित. टपालाने धाडायचे असल्यास भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. सुरुवातीच्या दरपत्रकाप्रमाणे ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा तिचा आकार आहे. पाकीट रस्त्याने जाते, त्यामुळे विमानाच्या टपालापेक्षा उशीर लागतो, पण ते कुठवर पोहोचले हे पाहता येते. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते आणि नियतकालिके या सेवेत बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक फिरवायचे असतील तर वेगळा मार्ग शोधावा. खासगी पत्र पुस्तकाच्या पाकिटात न घालता स्वतंत्र पाठवावे. जूनच्या फेरीत पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये आणि मग खाकी कागदात गुंडाळावे, आणि पोहोचताच प्लास्टिक काढून टाकावे, कारण कोकणातल्या दमट हवेत बंद पिशवीतल्या पुस्तकाला बुरशी फार लवकर धरते.

परदेशी असलेल्या मित्राला रांगेतून वगळू नये. त्याने तेच पुस्तक तिकडे ई-पुस्तक म्हणून विकत घ्यावे आणि चिठ्ठीचा फोटो पाठवावा. ज्याची दृष्टी कमी झाली आहे त्याच्यासाठी श्राव्य पुस्तक निवडावे. चोरून फिरणाऱ्या पीडीएफ मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच लहान असतात आणि त्या विकत घेणारे आपल्यासारखेच आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क अबाधित राहतात, ती मुदत संपलेले साहित्य खुशाल उतरवून घ्यावे.

पुस्तक कोणते निवडावे

सगळ्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि येथे घाई करू नये. आपल्याला फार आवडलेले पुस्तक सर्वांना वाचायला लावावे ही ऊर्मी स्वाभाविक असली तरी या कामासाठी ती पुरत नाही. क्रमातील पुढचा मित्र डोळ्यांसमोर आणावा आणि स्वतःला विचारावे: हा विसाव्या वर्षी कशाविषयी बोलताना थांबत नसे? त्याला पक्ष्यांचे वेड होते का, शेतीत काही नवे करायचे होते का, की शाळा काढायची होती? मग त्या कामात आयुष्य घालवलेल्या एखाद्या माणसाचे आत्मचरित्र, आठवणी किंवा पत्रे शोधावीत. ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाची पुस्तके मी या भिशीत घेत नाही, कारण त्यांत अडचणी सुटलेल्याच दाखवलेल्या असतात. ज्या पुस्तकात भाडे थकते, भावंडे रागावतात, पहिली दोन वर्षे कोणी विचारत नाही, अशा पुस्तकावरच मित्र मोकळेपणाने बोलतात.

एखादे छापील बाड योग्य माणसाच्या हाती योग्य वेळी पडले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय ५६ होते. विधवांसाठी आश्रम, मुलींसाठी शाळा असे पुष्कळ काम त्यांनी तोवर उभे केले होते, आणि कोणी त्यांना आता विश्रांती घ्या म्हटले असते तर ते वावगे ठरले नसते. १९१५ मध्ये काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांना जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पाठवली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना कर्व्यांनी भारतीय स्त्रियांसाठी विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते पाच विद्यार्थिनींवर सुरूही केले. आजचे एसएनडीटी विद्यापीठ ते हेच. पुस्तिका पाठवणाऱ्याने उपदेश केला नव्हता. ज्याच्या मनात त्या विषयाची जागा आधीपासून होती अशा माणसाकडे ती पाठवली, एवढेच. आपण निवड करताना नेमके हेच साधायचे आहे. मात्र कर्व्यांसारख्या माणसाला मित्रासमोर मोजपट्टी म्हणून उभे करू नये. बँकेतून निवृत्त होऊन तबला शिकू पाहणाऱ्याला विद्यापीठाचे दाखले दिले तर तो तबल्याचेही बोलायचा नाही.

पुस्तक धाडताना जे स्वतंत्र पत्र पाठवायचे त्यात, पहिल्याच परिच्छेदात, हे पुस्तक तुलाच का पाठवतो आहे ते लिहावे. ‘छान आहे, वाच’ यात काही अर्थ नाही. ‘तू एफवायला असताना मोडी लिपी शिकायची म्हणून रविवारी सायकलने जायचास, ते आठवले’ असे एखादे वाक्य असले की काम झाले. आठवण चुकीची असली तर मित्र ती दुरुस्त करेल, आणि तेथूनच बोलणे सुरू होईल.

बोलणे कसे चालवावे

पहिल्या दोन फेऱ्यांत स्वप्नांचा विषय कोणी काढू नये. तेवढ्या काळात चिठ्ठ्या लिहिण्याची सवय होते आणि जुना ‘अरे-तुरे’चा सूर परत येतो. तिसऱ्या फेरीनंतर, शक्यतो प्रत्यक्ष आणि न जमल्यास व्हिडिओ कॉलवर, एक बैठक ठेवावी. बैठकीत एकाच माणसाची पाळी असावी. त्याने त्याच्याकडे आलेल्या पुस्तकापासून सुरुवात करून, आपले काय राहून गेले हे वीसेक मिनिटे सांगावे. इतरांनी त्या वेळात फक्त प्रश्न विचारावेत, आणि सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. हा नियम सर्वांत अवघड जातो. ‘अरे, तू असे कर ना’ हे वाक्य तोंडाशी येतेच, आणि ते उच्चारले गेले की समोरचा माणूस ऐकून घेण्याच्या पवित्र्यात जातो आणि त्याचे स्वतःचे विचार करणे तेथेच थांबते.

प्रश्न साधे ठेवावेत. तुला नेमके काय करायला आवडायचे, ते काम की त्या कामाचे नाव? तेव्हा का सुटले? आज आठवड्यातले तीन तास मिळाले तर त्यातले काय करशील? घरात कोणाशी याविषयी बोलणे झाले आहे का? पैशाचा प्रश्न टाळू नये, पण तो शेवटी घ्यावा. आणि मैत्रिणींच्या मंडळात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: कित्येकींचे काम नकाराने सुटलेले नसते, ते बदल्या, बाळंतपणे आणि सासूसासऱ्यांची आजारपणे यांच्यामध्ये कोठेतरी हरवलेले असते, त्यामुळे ‘का सोडलेस’ असे विचारण्यापेक्षा ‘शेवटचे केव्हा केलेस’ असे विचारावे.

वर मोडीचा उल्लेख केला तो आमच्या मंडळातल्या एका मित्राचा. तो एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाला. त्याला इतिहासाचा अभ्यासक व्हायचे होते, आणि ते स्वप्न इतके मोठे होते की त्याने पस्तीस वर्षे त्याला स्पर्शच केला नाही. बैठकीत कोणीतरी विचारले की तुझ्या घरात मोडीत लिहिलेले काही आहे का. आजोबांच्या वेळचा जमिनीचा एक कागद ट्रंकेत होता. मग ठरले ते एवढेच की त्याने तो एक कागद स्वतः वाचायचा. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे हात न उचलता लिहीत जातो, त्यामुळे शब्द कोठे संपला हे नवशिक्याला कळत नाही. पहिल्या ओळीतले ‘मौजे’ आणि गावाचे नाव सुटायलाच त्याला बरेच दिवस लागले. पुढे तो मोडीच्या वर्गाला जाऊ लागला. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असंख्य कागद आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसे अजूनही थोडीच आहेत. आता शेजारपाजारचे लोक त्यांचे जुने कागद त्याच्याकडे आणून देतात. अभ्यासक हा शब्द तो स्वतःसाठी वापरत नाही, मी मात्र त्याला अभ्यासकच मानतो.

बैठकीच्या शेवटी अशीच एक गोष्ट कागदावर लिहून घ्यावी: पुढच्या दोन महिन्यांत, म्हणजे पुस्तक हलायच्या आत, करता येईल अशी. वर्गाची चौकशी करणे, पेटी दुरुस्तीला टाकणे, आठ पाने लिहिणे. पुढच्या वेळी तिच्याविषयी एकदाच विचारावे. झाली नसेल तर कारण ऐकावे आणि गोष्ट आणखी लहान करावी.

काही वेळा बोलता बोलता असे दिसते की ते स्वप्न मुळात वडिलांचे होते, किंवा तेव्हा हवे होते पण आता नको आहे. हेही मोकळेपणाने सांगता आले पाहिजे आणि मंडळाने ते ऐकून घेतले पाहिजे. ओझे उतरवलेल्या माणसाला पुन्हा ‘प्रयत्न तरी कर’ म्हणून टोचू नये. आमच्यातल्या एकाने गाणे सोडल्याचे असे शांतपणे सांगितले आणि त्यानंतर तो आमच्यापेक्षा जास्त मैफली ऐकू लागला.

व्हॉट्सअ‍ॅपवर गट ठेवावा, पण तो फक्त तारखा आणि पोच कळवण्यासाठी. तेथे सुविचार आणि बातम्या येऊ लागल्या की चिठ्ठ्या लिहिणे बंद पडते. बैठकीत कोणी सांगितलेले घरी किंवा दुसऱ्या गटात नेऊ नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावे. कोणी आजारी पडले किंवा घरात अडचण आली तर त्याची पाळी न विचारता पुढे ढकलावी आणि पुस्तक त्याच्यापुढच्याकडे द्यावे. त्याच्याशी फोन मात्र चालू ठेवावा, पुस्तकाचा विषय न काढता. श्रावणात पुस्तके घरी आल्यावर लिफाफ्यातल्या चिठ्ठ्या काढून एका वहीत वर्षवार लावाव्यात, पुस्तकांना आठवडाभर सावलीत हवा द्यावी, आणि पुढच्या दसऱ्यासाठी चिठ्ठ्या नव्याने टाकून क्रम बदलावा, म्हणजे या वर्षी ज्याच्यासाठी पुस्तक निवडले त्याच्याऐवजी दुसऱ्या मित्राचा विचार करण्याची पाळी येईल.