दुसऱ्यांदा धंद्यात उतरताय? या चुका टाळा

वागळे इस्टेटमधला माझा टी-शर्ट छपाईचा गाळा बंद झाला तेव्हा आत चारशे शर्ट पडून होते. दहीहंडीच्या एका मंडळाचे. पाठीवर पथकाचं नाव, छातीवर नेत्याचा हसरा फोटो. स्पॉन्सर ऐनवेळी फिरला, मंडळाने माल उचललाच नाही. असला शर्ट दुसरं कोण घेणार?

ही झाली पहिल्या धंद्यातली चूक. दुसरा सुरू करताना केलेली जास्त महागात पडली. शटर ओढलं म्हणजे धंदा बंद झाला, असं मी धरून चाललो. कागदोपत्री तो चालूच होता! जीएसटी नंबर रद्द केला नव्हता. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावाच लागतो; नाही भरला तर दिवसाला 20 रुपये लेट फी, एका रिटर्नमागे 500पर्यंत. चिल्लर वाटते. पण रबाळ्याच्या गाळ्यासाठी नवा नंबर घ्यायला गेलो, तर त्याच पॅनवर जुनं सगळं वर आलं. दोन महिने ते निस्तरण्यात गेले, नव्या गाळ्याचं भाडं मात्र सुरू. नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हा शेवटचा रिटर्नही भरायचा असतो, तो हमखास राहतो. व्यवसाय कराचंही तेच. पीटीईसी म्हणजे त्याची नोंदणी रद्द करून घेतली नाही, तर वर्षाचे 2500 चढत राहतात.

जुन्या धंद्यात थकलेलं बिल क्रेडिट कार्डवाले 'अर्ध्यात मिटवून टाकू' म्हणतात तेव्हा हायसं वाटतं. पण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या रिपोर्टवर मग 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' लागतं आणि कर्ज मागायला गेलात की मॅनेजर नेमकं तिथेच बोट ठेवतो. जमत असेल तर हप्त्याहप्त्याने पूर्ण फेडा, नो ड्यूजचं पत्र घ्या.

गाळा घेताना करारातला लॉक-इन किती महिन्यांचा आहे ते बघा. धंदा बसला तरी तेवढं भाडं मागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. मी एजंटला हजार रुपये दिले, असो.

आणि उधारी. आता निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय मशीन तापवत नाही, मग समोर मंडळ असो की मेव्हणा. मेव्हणा दोन महिने बोलत नव्हता.

ते चारशे शर्ट शाई पुसायला काढले. शंभरएक अजून शिल्लक आहेत. नेत्याचं तोंड रोज काळं होतं.