एकाच ट्रिपमध्ये खूप झू बघायचेत? मग या चुका टाळा

आमच्याकडे याची सुरुवात राणीच्या बागेतल्या पेंग्विनपासून झाली. मुलगी त्या काचेसमोरून हलायलाच तयार नव्हती, तेव्हाच ठरलं की दरवर्षी सुट्टीत देशातले दोन-तीन मोठे झू तरी बघायचे. चार वर्षांत बऱ्याच चुका झाल्या, त्यातल्या ज्यांच्यामुळे खरंच दिवस वाया जातो त्या सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वीकली ऑफ न बघता तिकिटं काढणं. दक्षिणेतल्या एका शहरात आम्ही रात्रभर ट्रेनने जाऊन, हॉटेलवर बॅगा टाकून सकाळी गेटवर पोचलो तर कुलूप. मुलगी जाळीला नाक लावून उभी होती, आतून कुठलातरी पक्षी ओरडत होता आणि आमची पुढची ट्रेन त्याच संध्याकाळची होती. चूक आमचीच, वेबसाइट उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. आपल्याला राणीची बाग बुधवारी बंद हे माहीत असतं, पण सगळीकडे बुधवार नसतो ना. पुण्याचं कात्रज आणि जुनागढचं सक्करबाग बुधवारी बंद, म्हैसूर, बंगळुरूचं बन्नेरघट्टा आणि चेन्नईचं वंडलूर मंगळवारी, हैदराबाद आणि भुवनेश्वरचं नंदनकानन सोमवारी, कोलकात्याचं अलीपूर आणि दार्जिलिंग गुरुवारी, दिल्ली शुक्रवारी. सणासुदीला यातही बदल होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात परत एकदा चेक कराच.

आता यातली गंमत बघा, हा बंदचा दिवसच प्रवासाला वापरायचा. समजा पूर्वेकडे निघालात, तर मंगळवारी नंदनकानन, रात्रीच्या ट्रेनने हावडा, बुधवारी अलीपूर, परत रात्री सियालदहहून न्यू जलपायगुडी, गुरुवारी जीपने वर दार्जिलिंग आणि आराम, शुक्रवारी सकाळी झू. कागदावर एकदम फिट बसतं. पण घरातली वडीलधारी बरोबर असतील तर सलग दोन रात्री ट्रेनमध्ये काढू नका, कोलकात्यात एक मुक्काम वाढवा. दार्जिलिंगच्या झूमध्ये चढ बराच आहे आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट त्याच आवारात आहे, म्हणजे पाय दुखणारच. आणि ट्रेनचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, तर त्या सकाळी सगळ्या गाड्यांची यादी हाताशी हवी.

दुसरी चूक खास आपली मुंबईकरांची. राणीची बाग पन्नासेक एकरांची, दोन-तीन तासांत होते, म्हणून आपण सगळीकडे तेवढाच वेळ धरतो. वंडलूर ६०२ हेक्टर आहे, म्हणजे जवळजवळ दीड हजार एकर! शिवाय ते चेन्नईच्या मध्यात नाही, तांबरमच्या पुढे आहे, लोकलने जाता येतं पण जाण्यायेण्यातच बराच वेळ जातो. तिथे अख्खा दिवस ठेवा आणि त्या दिवशी मरीना बीच वगैरे काही जोडू नका. एका दिवसात दोन झू हा विचार तर मनातून काढूनच टाका.

वेळेचंही तसंच. हॉटेलचा ब्रेकफास्ट निवांत करून अकराला गेलात तर अर्धे प्राणी सावलीत आडवे झालेले असतात, मग मुलं म्हणतात काहीच दिसलं नाही. गेट उघडतानाच आत शिरा. दार्जिलिंगला आम्ही लवकर गेलो तेव्हा रेड पांडा पुढच्या पंजात बांबूची डहाळी धरून एकेक पान ओरबाडून खात होता, मधेच थांबून आमच्याकडे बघायचा, मिशांवर दव होतं. तासाभराने परत त्याच जागी आलो तर फांदीवर नुसती पट्ट्यापट्ट्यांची शेपटी लोंबकळत होती. आणि मे महिन्यात भुवनेश्वर, हैदराबाद नकोच, त्यांना दिवाळीनंतरचे महिने द्या.

अजून एक, मुलांना कुठलाही प्राणी प्रॉमिस करण्याआधी तो खरंच बघायला ठेवलाय का ते बघा. नंदनकाननचं खवल्या मांजराचं ब्रीडिंग सेंटर नावाजलेलं आहे पण ते लोकांना बघायला खुलं नाही, आणि हा प्राणी तसाही रात्रीचाच. त्यांना शांतता हवी असते, आपण हट्ट करू नये. म्हैसूरला मात्र गोरिला आहेत, २०२१ मध्ये जर्मनीहून दोन आणले, त्यांच्यासमोर निवांत बसायला वेळ राखून ठेवा.

बारीकसारीक गोष्टी म्हणजे प्लास्टिक पिशव्या नेऊ नका, बऱ्याच ठिकाणी गेटवरच बॅग तपासतात, स्टीलची बाटली न्या. तिकीट खिडकी झूच्या आधी बंद होते. आणि इन्स्टावर बघून कुठल्याही खाजगी 'मिनी झू'ला जाऊ नका, सेंट्रल झू अथॉरिटीची मान्यता आहे का ते आधी त्यांच्या साइटवर बघा, साप गळ्यात घालून फोटो काढून देणाऱ्यांना आपण पैसे का द्यायचे?

या वेळी आम्ही जुनागढ करतोय. गीरचं जंगल १६ ऑक्टोबरला उघडतं म्हणून नोव्हेंबर धरलाय, आणि बुधवारी सक्करबागही बंद, सासणजवळचा देवळिया सफारी पार्कही बंद, तर तो दिवस गिरनारला.