जुन्या चेतकची क्लच वायर घरीच कशी बदलायची

आधी पार्टचं. ऑनलाइन नुसतं 'चेतक' टाकलंत तर 2020 नंतरची इलेक्ट्रिक समोर येते आणि तिला क्लचच नाही, म्हणून दुकानात सरळ तुटलेली वायर घेऊन जा आणि लांबी, जाडी, निपल (वायरच्या टोकाची धातूची गाठ) मापून घ्या. गिअरची वायर वेगळी असते, ती गळ्यात मारून घेऊ नका. आपली 1972 पासूनची चेतक म्हणजे व्हेस्पा स्प्रिंटचंच डिझाइन, त्यामुळे वायर हँडलमधून खाली, बॉडीच्या पोटातून थेट इंजिनपर्यंत जाते, मधे हात घालायला जागाच नाही.

बहुतेक वेळा वायर वर लिव्हरजवळ निपलपाशीच तुटते. आउटर (वरचं आवरण) चांगलं असेल तर फक्त इनर (आतली तार) बदला, अर्ध्या तासाचं काम. गाडी न्यूट्रलला, मेन स्टँडवर. डाव्या लिव्हरचा स्क्रू काढून लिव्हर बाहेर घ्या, खाली मागच्या चाकाच्या पुढे क्लचचा आर्म दिसेल, तिथला वायर पकडणारा नट सैल केला की जुनी वायर खालून ओढून निघते. नवीन इनरला बोटांनी ग्रीस चोळत वरून हळूहळू सरकवा. अडली तर ढोसू नका, वायर जरा फिरवत आत घाला आणि हँडल थोडं डावी-उजवीकडे करा, जाते.

आउटर पण कुजलंय का? मग ते रिकामं ओढून काढायचं नाही!! नाहीतर नवीन आउटरला रस्ता शोधण्यात अख्खा रविवार गेला समजा. आधी त्यात एक लांब इनर ओवून घ्या, वरचं टोक कोणालातरी पक्कडीने धरायला लावा आणि फक्त आउटर खाली खेचून काढा, इनर बॉडीतच राहू द्या, मग त्याच इनरवर नवीन आउटर खालून वर चढवत न्या. नाडी ओवायला सेफ्टी पिन लागते ना, तसंच.

आता लिव्हर बसवा, इंजिनजवळचा ॲडजस्टर स्क्रू जवळपास पूर्ण आत फिरवून ठेवा (पुढे वायर ताणली की हाच कामाला येतो), वायर आर्मच्या नट-बोल्टमधून काढून पक्कडीने ओढून धरा आणि दोन पाने लावून आवळा, एकाच पान्याने आवळलं की बोल्ट फिरतो आणि वायरचे तंतू तुटायला लागतात. लिव्हरला मुळाशी दोनेक मिलिमीटर प्ले (वायर ताणायच्या आधीची मोकळी हालचाल) हवाच. अजिबात नसेल तर क्लच स्लिप होऊन प्लेटा जळतील, जास्त असेल तर पहिला टाकताना खाडकन आवाज येईल आणि क्लच दाबूनही गाडी पुढे सरकेल.

उरलेली वायर लगेच कापू नका. आधी एक चक्कर मारून या, चारही गिअर टाकून बघा, मग बोटभर शेपूट ठेवून कापा. आठवड्याभरात वायर थोडी ताणते, तेव्हा ॲडजस्टर जरासा बाहेर घ्या आणि लॉकनट आवळा. आणि हो, एक जास्तीची इनर ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा, पाने पण.